तुरुंग सक्तीचा, भाषा मर्जीची

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

दिवाळीनंतर पुतण्या घरी आला होता. आयटीआय झालाय, इलेक्ट्रिशियन आहे, जर्मनीत नोकरी मिळते का बघतोय. मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, दोन महिने झाले, रोज अर्धा तास जर्मन शिकतोय. एक दिवस चुकवला नाही." मी विचारलं, काय काय येतं? रंग येत होते, प्राण्यांची नावं येत होती, 'मुलगा सफरचंद खातो' हे वाक्य अगदी ठसक्यात येत होतं. मग म्हटलं, "बरं, वायर, फ्यूज, स्विच यांना जर्मनमध्ये काय म्हणतात?" गडी गप्प.

पोरानं मेहनत केलीय, त्याचा दोष नाही. पण नवी भाषा लवकर शिकायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकून साधा अर्ज लिहिताना घाम फुटणारे आपण (त्यात मी पहिला). आणि दुसरीकडे बिहारहून फरशी बसवायला आलेला कारागीर वर्षभरात आपल्या बाजारात अहिराणीतून भाजीचा भाव करतो. त्याला ना पुस्तक, ना मास्तर, ना परीक्षा.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे २०२५ साली आपल्या राज्यात झालेला तिसऱ्या भाषेचा गदारोळ. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीचा शासन निर्णय आला, १७ जूनला तो बदलून आला, आणि २९ जूनला दोन्ही मागे घ्यावे लागले. मग समिती. त्या भांडणात 'कोणती भाषा' यावर प्रत्येक जण बोलला. मीही बोललो. पण 'माणूस भाषा शिकतो कसा' यावर फारसं कुणी बोललं नाही. आणि मला वाटतं की आधी तेच ठरवायला हवं होतं.

याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. ठिकाण मात्र विचित्र आहे. शाळा नाही, कॉलेज नाही. तुरुंग.

पहिली गोष्ट : मंडाले

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षं पूर्ण झाली. त्यांना ब्रह्मदेशात, मंडालेच्या तुरुंगात नेऊन ठेवलं. प्रकृती बरी नाही, मधुमेह, परका मुलूख, बोलायला स्वयंपाकासाठी दिलेला एक कैदी सोडला तर जवळजवळ कुणी नाही. तिथे त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं, १९१०-११ च्या हिवाळ्यात, पेन्सिलीनं, पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्यांमध्ये. हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.

कमी सांगितली जाणारी गोष्ट ही, की त्याच तुरुंगात टिळक जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकले. पन्नाशी उलटल्यावर, पुस्तकांच्या आधारावर.

आता बघा, त्यांना या भाषा कशासाठी हव्या होत्या? टिळक वेदांच्या काळावर काम करणारे अभ्यासक. 'ओरायन' १८९३ चं, 'आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३ चं. आणि त्या काळात संस्कृतवरचं मोठमोठं संशोधन कुठल्या भाषेत होत होतं? जर्मनमध्ये. बोटलिंक आणि रोट यांचा सेंट पीटर्सबर्गला छापलेला प्रचंड संस्कृत कोश घ्या. शब्द संस्कृत, अर्थ जर्मन! म्हणजे संस्कृतच्या अभ्यासकाला जर्मन येत नसेल तर आपल्याच घराची अर्धी दालनं बंद. टिळकांना बर्लिनच्या हॉटेलात जेवण मागवायचं नव्हतं. त्यांना वाचायचं होतं. जे हवं तेवढंच शिकायला घेतलं, म्हणून ते हाती लागलं.

दुसरं असं की ते कोऱ्या पाटीनं बसले नव्हते. जर्मनमध्ये नामाची रूपं विभक्तीप्रमाणे बदलतात. इंग्रजीवाल्याला याची धास्ती वाटते. पण ज्यानं लहानपणी 'रामः रामौ रामाः' घोकलंय, आठ विभक्त्या पचवल्यात, त्याला जर्मनच्या चार विभक्त्या म्हणजे निम्मं काम. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत, तशी मराठीतही आहेत. तो, ती, ते. शब्दाला शब्द जोडून लांबलचक समास करायची सवय दोन्हीकडे आहे. पालीचं तर विचारूच नका. धर्माचं धम्म, कर्माचं कम्म, पुत्राचं पुत्त, निर्वाणाचं निब्बान. हा बदल कसा होतो हे एकदा कळलं की शेकडो शब्द फुकटात मिळतात. आपण 'हात' म्हणतो तोही याच वाटेनं आलाय. हस्त, मग हत्थ, मग हात.

या गोष्टीतून मला दोन मुद्दे दिसतात. भाषा कशासाठी हवी ते आधी ठरलेलं होतं. आणि नवं शिकताना जुन्याचा खांदा घेतला होता.

दुसरी गोष्ट : त्रिचनापल्ली

आता आपल्या खानदेशातली. अमळनेरच्या शाळेतले एक मास्तर, पांडुरंग सदाशिव साने. १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. आधी धुळ्याचा तुरुंग, मग तिथून थेट दक्षिणेत, त्रिचनापल्लीला. सरकारचा हिशोब सोपा होता. माणूस आपल्या मुलखात ठेवला की कैद्यांना गोळा करतो, चळवळ वाढवतो. त्याला अशा ठिकाणी टाका जिथे त्याची भाषाच कुणाला कळत नाही.

हिशोब चुकला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात मद्रास प्रांतातले सत्याग्रही होते. तिथे गुरुजी तमिळ शिकले, बंगालीही शिकले. तिरुवळ्ळुवरच्या 'कुरळ'चा मराठी अनुवाद त्यांनी केला. १३३ प्रकरणं, प्रत्येकात दहा, अशी १३३० द्विपदी. तमिळ माणसाला कुरळ म्हणजे आपल्याला ज्ञानोबा-तुकोबा. घरात पुस्तक नसलं तरी तोंडात ओळी असतात.

मला या निवडीचं फार कौतुक वाटतं. एखादी भाषा शिकताना तुम्ही त्या लोकांचं सगळ्यात आवडतं पुस्तक हातात घेतलं, तर ते लोक तुमचे मास्तर व्हायला आपण होऊन पुढे येतात. तुम्ही अडखळलात की ओळ पुरी करून देतात. उच्चार चुकला की हसून दुरुस्त करतात. तुम्हीच बघा ना, एखाद्या परप्रांतीयानं तोडक्यामोडक्या मराठीत हरिपाठाची एक ओळ म्हटली तर तुमचा चेहरा कसा होतो ते.

त्रिचनापल्लीहून गुरुजी एक सल घेऊनही आले. एकाच देशासाठी तुरुंगात बसलेली माणसं, आणि एकमेकांशी मनातलं बोलता येत नाही! त्यांची 'आंतरभारती' याच सलीतून आली. प्रांताप्रांतातल्या लोकांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांची पुस्तकं आपल्या भाषेत आणावीत. आज 'आंतरभारती' म्हटलं की आपल्याला एखादं समूहगीत किंवा शाळेतला वेशभूषेचा कार्यक्रम आठवतो. गुरुजींच्या मनात ती भाषा शिकायची चळवळ होती, आणि शिकणारा हौसेनं शिकणार हे त्यात गृहीत होतं.

तिसरी गोष्ट : वेल्लोर

गुरुजी दक्षिणेतून परत आले आणि १९३२ साली पुन्हा आत गेले, आपल्या धुळ्याच्याच तुरुंगात. तिथे दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर उतरवून घेत. फेब्रुवारी ते जून. त्याचीच 'गीता प्रवचने' झाली, जी पुढे देशातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या भाषांत गेली. धुळेकरांनो, हे आपल्या गावात झालंय, मुलांना सांगत जा.

तर या विनोबांना १९४२ च्या चळवळीत पकडून वेल्लोरला नेलं, पुढे सिवनीला. १९४५ पर्यंतच्या या तुरुंगवासात ते दक्षिणेच्या चारही भाषा शिकले. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम. एक संपवून दुसरी असं नाही, तर शेजारी शेजारी ठेवून.

ऐकायला वेडेपणा वाटतो. एक जमत नाही, चार कुठून जमणार? पण जरा हे शब्द बघा.

दोन : तमिळ इरण्डु, मल्याळम रण्डु, कन्नड एरडु, तेलुगू रेण्डु.

तीन : तमिळ मून्ड्रु, मल्याळम मून्नु, कन्नड मूरु, तेलुगू मूडु.

दूध : तमिळ पाल्, मल्याळम पाल्, तेलुगू पालु, कन्नड हालु.

नाव : तमिळ पेयर्, मल्याळम पेर्, तेलुगू पेरु, कन्नड हेसरु.

शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. बाकी तिघींत जिथे 'प' आहे तिथे कन्नडमध्ये 'ह' झालाय. जुन्या कन्नडमध्ये तोही 'प'च होता. हे एकदा ध्यानात आलं की चार शब्द पाठ करायचे राहत नाहीत. एक शब्द आणि एक खोड लक्षात ठेवायची. शेतात चार सऱ्या एकदम पाडाव्यात तसं हे काम. बैल एकच, फेऱ्या कमी.

आणि मराठी माणसाला तर दक्षिणेच्या भाषांत जाणं हिंदीवाल्यापेक्षा सोपं पडावं. आपण 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक करतो. 'आम्ही जेवायला चाललो' म्हणजे तू नाहीस, 'आपण जेवायला जाऊ' म्हणजे तूही चल. हिंदीत दोन्हीला 'हम'. तमिळमध्ये मात्र आपल्यासारखाच फरक आहे, नांगळ् आणि नाम्. तेलुगूत मेमु आणि मनम्. अण्णा, अक्का हे शब्द आपण रोज घरात वापरतो, ते तिकडचेच. आपलं तूप कन्नडमध्ये 'तुप्प'. सुपारी फोडायचा अडकित्ता कन्नडमध्ये 'अडकत्तरि'; अडके म्हणजे सुपारी आणि कत्तरि म्हणजे कात्री. म्हणजे आपल्या पानाच्या डब्यात कन्नड शब्द पडलेला आहे आणि आपल्याला पत्ता नाही.

विनोबांची दुसरी खुबी म्हणजे ओळखीचा मजकूर. ज्या मुलखाची भाषा शिकायची त्या मुलखाच्या संतांपासून सुरुवात. भक्तीचा आशय त्यांना आधीच पाठ होता. त्यामुळे नव्या भाषेत फक्त शब्दच नवे असत, अर्थ आधीपासून ओळखीचा. पुढे त्यांनी आसामच्या माधवदेवांच्या 'नामघोषा'तून वेचे काढले, गुरू नानकांच्या 'जपुजी'वर लिहिलं. कुराण मुळातून वाचायचं म्हणून अरबी शिकले आणि त्याचं सारही काढलं.

या शिकण्याचं पुढे काय झालं? १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं आणि हा माणूस देशभर चालत सुटला. त्यात १९५६-५७ ला तमिळनाडू, केरळ, कर्नाटक आलं. ज्या मुलखांच्या भाषा त्यानं बंद भिंतीत बसून शिकल्या, त्याच मुलखांत जाऊन तो लोकांकडे जमीन मागत होता. भूदान किती यशस्वी झालं यावर वाद घालू, जरूर घालू. पण जमीन मागायला येणाऱ्यानं आधी भाषा शिकून यावं, हा शिष्टाचार मला मोठा वाटतो.

तिन्ही गोष्टींत एक समान धागा

कुणी म्हणेल, ही मोठी माणसं, त्यांची बुद्धी वेगळी, आणि तुरुंगात वेळच वेळ. बरोबर आहे. पण वेळ तर त्या तुरुंगांतल्या हजारो कैद्यांकडे होता. नुसत्या वेळानं भाषा येत नाही, नाहीतर आपल्याला सगळ्यांना फाडफाड इंग्रजी आलं असतं.

मला जे दिसतं ते असं. या तिघांवर सगळ्याच बाबतीत सक्ती होती. कधी उठायचं, काय खायचं, कुणाला पत्र लिहायचं, किती कागद मिळतील, सगळं सरकार ठरवत होतं. त्यांच्या आयुष्यात मोकळी जागा उरली होती ती एवढीच, की डोक्यात काय घालायचं. भाषा ही त्या दिवसांतली त्यांची स्वतःची निवड होती. तुरुंग सक्तीचा, भाषा मर्जीची. म्हणून ती रुजली.

आता याच्या उलट गोष्ट ऐका. तीही त्याच मद्रास प्रांतातली.

चौथी गोष्ट : भाषा नको म्हणून तुरुंग

१९१८ साली गांधीजींच्या पुढाकारानं मद्रासमध्ये हिंदी शिकवायचं काम सुरू झालं. पहिला वर्ग घ्यायला त्यांचा मुलगा देवदास गेला होता. त्यातून दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा उभी राहिली. ज्याला हवं त्यानं यावं, शिकावं, परीक्षा द्यावी. तमिळ लोक आले, शिकले, परीक्षा दिल्या. वीस वर्षं हे काम वाढत होतं.

१९३७ ला प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं, राजाजी प्रमुख झाले. १९३८ मध्ये त्यांनी काही शाळांत हिंदी सक्तीची केली. प्रांत पेटला. मोर्चे, निदर्शनं, हजारावर माणसं तुरुंगात. पेरियार तुरुंगात. १९३९ मध्ये नटराजन आणि थालमुत्तू हे दोन तरुण कैदेत असताना मेले. फेब्रुवारी १९४० मध्ये सक्ती मागे घेतली गेली.

भाषा तीच, प्रांत तोच, लोकही तेच. मर्जीनं होती तेव्हा वर्ग भरत होते, सक्तीची झाली तेव्हा तुरुंग भरले. आणि विचित्र योग असा की १९३० च्या सत्याग्रहात खुद्द राजाजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात राहून आले होते. त्याच तुरुंगात आपला एक मराठी मास्तर कुणीही न सांगता तमिळ शिकला होता! पुढे हेच राजाजी हिंदीच्या सक्तीविरुद्ध ठामपणे बोलू लागले. माणूस चुकीतून शिकतो, त्यांच्याबद्दल आदरच आहे. गंमत म्हणजे आजही तमिळनाडूत हजारो मुलं हिंदी प्रचार सभेच्या परीक्षांना स्वतःहून बसतात. कुणी जबरदस्ती करत नाही म्हणून बसतात.

म्हणून आपल्याकडे २०२५ मध्ये जे झालं त्याचं मला नवल वाटलं नाही. पहिलीचं पोर. घरी अहिराणी, शाळेत मराठी, वर इंग्रजी. त्यात अजून एक. त्या सहा वर्षांच्या पोराला ती भाषा कशासाठी हवीय? त्याला ओळखीचा कुठला मजकूर आहे? ती शिकवायला माणूस कोण? या तीन प्रश्नांची उत्तरं नसताना नुसता तास वाढवून काय होतं, ते आपण इंग्रजीच्या बाबतीत बघितलंय.

पण आपल्याही पदरात बघू

आता कमेंटमध्ये कुणीतरी विचारणारच, मग मराठीच्या सक्तीचं काय? रास्त प्रश्न आहे. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. मी त्या कायद्याच्या बाजूनं आहे. जिथे राहायचं तिथली भाषा यायला हवी, आणि तिची गरज रोजच्या जगण्यातूनच तयार होते. दवाखाना, तलाठी, बसस्टँड, शेजारी. बाकी भाषांची ती गोष्ट नाही.

पण कायदा पोराला वर्गापर्यंत आणतो, पुढचं काम वर्गाबाहेर आपल्याला करायचंय. आणि ते आपण करत नाही.

परवाची गोष्ट. दुकानात एक बाई आल्या, बोलण्यावरून तिकडच्या उत्तरेच्या. "भाऊ, एक किलो तूर डाळ द्या ना, जुनी नको" असं चांगलं मराठीत म्हणाल्या. दुकानदार आपलाच. उत्तर काय दिलं? "हाँ भाभी, नया माल है, देखो." बाईंनी पुढचं सगळं हिंदीत केलं. त्या दिवशीचा त्यांचा मराठीचा तास तिथेच संपला. दोष कुणाचा? आणि हाच दुकानदार संध्याकाळी पारावर बसून म्हणतो, "हे लोक इथे येऊन मराठी शिकत नाहीत."

मी त्याला नावं ठेवत नाही. हे मीही करतो, तुम्हीही करता. समोरच्याचा उच्चार जरा वेगळा वाटला की आपली गाडी आपोआप हिंदीच्या रुळावर जाते. आपल्याला वाटतं आपण सोय करतोय. प्रत्यक्षात आपण त्याच्या हातातली पाटी काढून घेतो. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात गुरुजींशी सगळे इंग्रजीतच बोलत राहिले असते, तर गुरुजींना तमिळ कुठून आलं असतं?

फाळणीनंतर आपल्याकडे सिंधी मंडळी आली. धुळ्याला, जळगावला, तिकडे उल्हासनगरला. अंगावरच्या कपड्यांनिशी आली होती. त्यांच्यासाठी मराठीचे वर्ग कुणी भरवले होते? पण त्यांच्या जुन्या पिढीतल्या दुकानदाराचं मराठी ऐका, अहिराणीसुद्धा ऐका. कारण तेव्हा गल्ल्यासमोर उभा राहणारा शेतकरी दुसरं काही बोलतच नव्हता. गिऱ्हाईकच मास्तर होतं.

आणि मराठीचा अभिमान सांगताना अहिराणीचंही बघा. आमच्या वेळी शाळेत अहिराणी शब्द तोंडातून निघाला की वर्ग हसायचा, मास्तरही हसायचे. विनोबा चार भाषा एकमेकींच्या आधारानं शिकले, आणि आम्हाला मात्र शिकवलं गेलं की एक यायची तर दुसरी पुसून टाक. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंद झाला. पण अभिजात भाषेच्या अंगणात बोलीला हसू नये एवढं तरी करू.

मग करायचं काय?

भाषणबाजी पुरे. या तिघांकडून घ्यायच्या चार गोष्टी सांगतो. घरात पोरं कुठलीही भाषा शिकत असतील तर करून बघा.

१. आधी ठरवा, ही भाषा कशासाठी. वाचायला, बोलायला, की कामापुरती? टिळकांना वाचायला हवी होती, त्यांनी वाचायलाच घेतली. सगळं एकदम यायला हवं हा हट्ट धरला की काहीच येत नाही.

२. ओळखीचा मजकूर नव्या भाषेत वाचा. जो अर्थ आधीच माहीत आहे तोच. तुमच्या धंद्याचं पुस्तक, पाठ असलेली गोष्ट, रोजची बातमी. दर ओळीला कोश उघडावा लागत नाही आणि दम टिकतो.

३. आपल्या भाषेशी साम्य शोधा. येत असलेल्या भाषा या ओझं नव्हेत, शिडी आहेत. अहिराणी येणाऱ्या पोराला गुजराती किती जवळची वाटते, विचारा कुणा नंदुरबारवाल्याला.

४. माणूस शोधा. चुका ऐकून न हसणारा, पण दुरुस्त करणारा एक माणूस. मोबाईल सराव करून घेईल, पण लाज घालवायचं काम माणसाकडूनच होतं.

पुतण्याला मी हेच सांगितलं. तो कुठूनतरी वायरिंगचं चित्रांचं जर्मन पुस्तक शोधून आला. मोबाईलवरच घेतलंय, सर्किटच्या आकृत्यांचं. परवा भेटला तर हरखला होता. म्हणाला, "काका, अर्धं तर आकृतीवरनंच कळतं, शब्द आपोआप बसतात." मला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरनं कळलं की गाडी रुळावर आलीय. बोलणं अजून बाकी आहे. त्याला एक जर्मन बोलणारा माणूस हवाय. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा, मनापासून विनंती.

आणि एक काम आपल्या सगळ्यांसाठी. आपल्या वाचनालयाचा हॉल रविवारी सकाळी रिकामाच असतो. बाहेरून आलेले कारागीर, त्यांच्या बायका, बँकेत बदलीवर आलेली मंडळी, ज्यांना मराठी हवंय त्यांच्यासाठी तासभर गप्पांचा वर्ग भरवू. फी नाही, परीक्षा नाही. आपण मराठी बोलायचं आणि त्यांना अडखळू द्यायचं. त्या बदल्यात त्यांच्याकडून आपण थोडं मैथिली, थोडं तेलुगू शिकू. गुरुजींच्या गावापासून आपण लांब नाही, एवढं तर जमायला हवं.

वर्ग सुरू होईल तेव्हा होईल. उद्यापासून एवढं तरी करू. कुणी मोडक्या मराठीत बोललं, तर उत्तर मराठीतच देऊ. सावकाश, सोप्या शब्दांत, पण मराठीतच.

कोण कोण येतंय रविवारी? खाली नाव लिहा.